मामीच्या चुलीतले लोणारचे दगड

मला आवाज काढता येतात. शिरूरच्या स्टँडवरचा कंट्रोलर, शिंकायच्या आधी पाच मिनिटं तोंड वाकडं करून बसणारे आमच्या वस्तीतले आप्पा, चढाला दमलेला ट्रक, भाकरी करपल्यावरची आमची आई. कुणी शिकवलं न्हाई. कानात गेलं की तोंडातून येतं, एवढंच. ह्यापायी शाळेत मार खाल्ला, कॉलेजात फुकट चहा प्यायलो. आमची प्रगती ती एवढीच.

भूगर्भशास्त्राचे सर म्हंजी माझं आवडतं गिऱ्हाईक. उंच, वाळके, डोक्यावर उन्हाची टोपी, आन् दर वाक्याच्या आधी घसा साफ करून "हं… तर". एक दिवस ते यायच्या आधी मी टेबलामागं उभा राहिलो, डस्टर हातोडीसारखं धरलं आन् सुरू झालो, "हं… तर, हा दगड नाही, हे पुस्तक आहे, आणि तुम्ही सगळे निरक्षर आहात." पोरं हसून लोळायला लागली. मग एकदम गप झाली. मी वळून बघतो तर सर दारात.

"आवाज बरोबर आहे," सर म्हणाले. "पण हातोडी मी डाव्या हातात धरतो."

मला वाटलं, आता बाहेर. पण त्यांनी टेबलावरचे दोन काळे दगड पुढं घेतले. एकावर हातोडी मारली. "हा आवाज काढ."

मी काढला. ठण्ण, शेवटी जरा गोल.

दुसऱ्यावर मारली. हा दगड दिसायला तसाच, पण आवाज थप्प, वाळलेल्या शेणीवर काठी मारल्यासारखा. तोबी काढला.

"दोन्ही एकाच जातीचे आहेत," सर म्हणाले. "पहिला तुमच्या घोडनदीच्या काठचा. दुसरा लोणारचा. त्याच्यावर एकदा आभाळातून घाव बसलाय. हं… तर, परीक्षा झाली की माझ्याबरोबर लोणारला चल. तुझा कान बरा आहे, आणि पोतं उचलायला माणूस लागेल."

मी हा म्हणलो. ही मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झालेली.

सरांना काय पायजे होतं ते मला तिथं पोचल्यावर नीट कळलं. त्यांना लोणारच्या खड्ड्याचं वय पायजे होतं. तो खड्डा उल्केच्या घावानं झालाय हे मोठ्या लोकांनी तवा नुकतंच सिद्ध केलेलं. वयाचे अंदाजबी निघालेले, पण ते एकमेकांत जुळत नव्हते. सर कितीतरी वर्षं पत्रं लिहीत होते, आन् शेवटी लांबच्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं कळवलेलं, की तुमचा एक नमुना मोजून देऊ. एक. एकदाच. तालुक्याच्या कॉलेजातल्या मास्तराला असं पत्र येणं म्हंजी आमच्याकडं इमान उतरल्यासारखं. सरांनी ते पत्र टोपीच्या आत ठेवलेलं. घाम आला की पत्र बाहेर काढायचे, टोपी पुसायचे, पत्र परत आत.

खड्ड्याच्या काठावर मी उभा राहिलो आन् मला पहिल्यांदा जन्मात काही बोलायला सुचलं न्हाई. आमचं अख्खं शिरूर, बाजारपेठ, स्टँड, नदी धरून आत बसलं असतं, आन् वर जागा उरली असती. तळाला हिरवं पाणी. एवढं भोक पाडायला किती वेळ लागला असंल, असं मी सरांना विचारलं. वाटलं, म्हणतील महिना, वर्ष.

"तू हे जे वाक्य बोललास ना," सर म्हणाले, "ते संपायच्या आत झालं असेल."

मी ते वाक्य मनात परत म्हणून बघितलं. लहान होतं.

काठाजवळ एक शेतकरी नवी विहीर खणत होता. खाली सुरुंग लावून काढलेला दगड ताजा होता, ऊनपाऊस न लागलेला. सरांना तसलाच पायजे होता. त्यांनी सांगितलं आन् मी तासभर दगडांवर हातोडी मारून आवाज ऐकत बसलो. ठण्ण वाजला की फेक, थप्प वाजला की ठेव. शेवटी सरांनी त्यातले तीन निवडले, ज्यांच्यात काळ्या बाटलीच्या काचेसारखे ओघळ होते. पोत्यात बसावेत म्हणून कडंनं ठोकून एका मापाचे केले. वीतभर उंच, खाली सपाट, वर सपाट. शेतकरी म्हणाला, बरं झालं आज आलात, उद्यापासनं गवंडी येणार, आतून बांधून काढायचीय. म्हंजी तो दगड परत मिळायचा न्हाई, हे मला तिथंच कळलेलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं मी काय केलं ते वाचताना तुम्ही मला 'बिचारा, त्याला कुठं माहिती होतं' असं म्हणू नये.

येताना मनमाडला दौंडची गाडी धरली. दिवसाची गाडी. खिडकीबाहेर बघंल तिथं काळा दगड. सर खुशीत होते. त्यांनी मला स्फटिक समजावून सांगितला.

"शाळेत कवायतीला पोरं उभी करतात ना, हात लांब करून, सारखं अंतर घेऊन? स्फटिकात अणू तसे उभे असतात. आता समज, मैदानात भिंत घुसली."

"पळापळ."

"पळायला वेळच नाही. पापणी लवायच्या आत सगळीकडून दाब आला. रांगा मोडल्या, पण कुणाला जागा सोडता आली नाही. लांबून बघणाऱ्याला मैदान तसंच चौकोनी दिसतं. आत मात्र एकही रांग नाही. बाहेरून स्फटिक, आतून काच."

"म्हंजी सोंग," मी म्हणलो. "काचेनं स्फटिकाचं सोंग घेतलंय."

सर माझ्याकडं वळले. "हं… तर, हे मी वर्गात सांगणार आहे. तुझं म्हणून सांगणार नाही."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. घाव अजून जवळ बसला तर दगडाचा रस होतो. तो रस थिजताना कधी काच होते, कधी त्यातून नवे बारीक स्फटिक उगवतात. पोरं परत रांगेत, पण हजेरी पहिल्यापासनं. आन् दगडाचं वय त्या हजेरीवरून काढतात. दगडात थोडे अणू असे असतात, जे आपोआप मोडतात, ठरलेल्या चालीनं. मोडले की खूण राहते. कुठं वायू अडकून राहतो. काचेत युरेनियमचा अणू फुटला तर सुईनं ओरखडल्यासारखा बारीक चरा पडतो. चरे मोजायचे, वय सांगायचं. घाव बसून रस झाला की पाटी कोरी. त्यानंतर काचेत जेवढे चरे पडले, तेवढं खड्ड्याचं वय.

"आन् पाटी अर्धीच पुसली तर?"

"तर दगड खोटं बोलतो. धड जन्माची तारीख सांगत नाही, धड अपघाताची. मधलंच काहीतरी." सरांनी खिडकीबाहेर बोट केलं. "आपल्या काळ्या दगडात नाही, पण ग्रॅनाइटसारख्या दगडात झिरकॉन नावाचा एक कण सापडतो. रेतीपेक्षा बारीक. डोंगर झिजून जातात, हा राहतो. जगातल्या जुन्यात जुन्या दगडांची वयं त्याच्यावरून काढतात. असल्या घावात सापडला तर त्याच्याही अंगावर तिरक्या रेघा उमटतात, आणि रसात पडला तर तोसुद्धा मोडून दुसरंच खनिज होतो. एवढा चिवट. पण घाव त्याच्याहून मोठा."

मी खिडकीतून बघत राहिलो. मला तो काळा दगड एवढी वर्षं नुसता दगड वाटत होता. आमच्या गावाकडं दगडाला काय किंमत, म्हशीला मारायला उचलायचा न्हाईतर संडासला जाताना. आन् हितं प्रत्येक दगड आत कुठंतरी मोजत बसलाय.

दौंडला उतरलो तर शिरूरच्या एस.टी.च्या टपावर दोन लग्नांचं सामान. कंडक्टरनं पोतं बघितलं. "ह्याच्यात काय?"

"दगड," सर म्हणाले.

"मास्तर, आमच्याकडं दगड कमी हायत व्हय?" असं म्हणून त्यानं पोतं खाली ठेवायला लावलं आन् बेलची दोरी धरली.

सरांकडं सूक्ष्मदर्शकाची पेटी होती, ती त्यांना सोडता येईना. माझी मामी दौंडलाच, रेल्वे क्वार्टरात. मामा इंजिनांच्या शेडमधे फिटर. सर म्हणाले, "तू आज मामांकडे राहा, उद्या पोतं घेऊन ये. आणि हे बघ, दगड सुरक्षित असतो. त्याला फक्त कोणी काही करायचं नाही."

मी पोतं खांद्यावर टाकून मामाकडं गेलो, मागच्या अंगणात मोरीशेजारी ठेवलं, आन् उद्या गेलो न्हाई.

कारण चार दिवसांवर जयंती होती. क्वार्टरामागच्या मैदानात निळे झेंडे लागलेले, पोरं मांडव घालत होती, आन् सगळ्यांना माहिती, की फिटरचा भाचा आवाज काढतो. मी पहिल्या संध्याकाळी पॅसेंजर सुटायचा आवाज काढला, गार्डच्या शिट्टीसकट, तर एक म्हातारे आबा डबा घेऊन खरंच उठले. मग कोण सोडतंय मला! जयंतीच्या कार्यक्रमात माझं नाव घातलं. 'शिरूरचे सुप्रसिद्ध'. मी शिरूरला सुप्रसिद्ध नव्हतो, पण दौंडात मला ते नाकारायचं कारण दिसंना. पोतं आठवायचं. वाटायचं, दगडच हाय, कोट्यवधी वर्षं थांबलाय, चार दिवसानं काय होतंय.

जयंती झाली. माझा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मागं गेलो तर मोरीशेजारी पोतं न्हाई.

"मामी, पोतं?"

"त्ये मांडवात अंथरलं व्हतं. वाळत घातलंय बघ."

"आन् आतले दगड?"

मामी भांडी घासत होती. हातातली राख झटकून तिनं मैदानाकडं मान केली. "लई झाक दगड आणलेस रं भाच्या. मी तुज्या मामाला म्हणलं बी, शिकलेलं पोरगं, पर अक्कल हाय. जेवणाची चूल लावायची म्हणून एका मापाचे तीन बघून आणलेत. ईटा मागायला जायची पाळी आली न्हाई."

मी पळत गेलो. मैदानाच्या कोपऱ्यात तिन्ही दगड उभे होते, तीन टोकांना, मधे राखेचा ढीग. आतली अंगं काजळीनं काळी कुट्ट. राख अजून गरम होती. आदल्या दिवशी सकाळपासनं दुपार कलेपर्यंत त्यावर अख्ख्या वस्तीचा भात शिजला, मग वांग्याची भाजी, मग लापशी. आन् लाकूड न्हाई, शेडचा दगडी कोळसा.

मी तिथंच बसलो. मामी मागून आली. माझं तोंड बघून तिला वाटलं, काजळीमुळं. "थांब, मी घासून देते." आन् मी काही बोलायच्या आत तिनं राख आन् काथ्या घेऊन तिन्ही दगड असे लख्ख केले, की लोणारलाबी कधी तसे दिसले नसतील.

मामाला मी खरं सांगितलं. मामा म्हणाला, "दिसतंय का काय? न्हाई ना? मग देऊन टाक. आमच्याकडं इंजिनबी रंग मारून पाठिवत्यात."

दौंडहून शिरूरपर्यंत एस.टी.त मी पोतं मांडीवर घेऊन बसलो. सरांना कसं सांगायचं ह्याची तालीम केली. कंट्रोलरच्या आवाजात केली, 'प्रवाशांना कळविण्यात येते.' सभेतल्या पुढाऱ्याच्या आवाजात केली, 'घडलेल्या घटनेबद्दल आम्हास अतीव दुःख.' न्हावरा आलं, गेलं. सगळ्यांच्या आवाजात झक्क जमत होतं. माझ्या आवाजात एक वाक्य निघंना.

सर प्रयोगशाळेत खोक्याला खिळे मारत होते. देवदारचं खोकं, आत पेंढा, वर त्यांच्या सुबक अक्षरात लांबच्या शहराचा पत्ता. चार दिवस उशीर झाला त्याबद्दल ते बोलले न्हाईत. दगड काढून टेबलावर मांडले आन् त्यांचा चेहरा उजळला.

"धुतलेससुद्धा! अरे वा."

मी रिकाम्या पोत्याची घडी घालायला लागलो.

त्यांनी त्यातला एक उचलला, पेंढ्यात ठेवला, बाजूनं पेंढा दाबला. लहान बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसा. मला आठवतंय, मी त्यांच्या हाताकडं बघत होतो, आन् मला कळत होतं की अजून बोललो न्हाई तर हे झाकण बसणार, आन् ते बसलं की मी जन्मभर नकलाच करीन.

"सर, ह्याच्यावर जेवण शिजलंय."

"काय?"

"जयंतीचं. सकाळपासनं दुपारपर्यंत. भात, वांगी, लापशी. मी ठेवून गेलो. चुलीला लावले."

सरांनी दगड खोक्यातून परत बाहेर काढला. स्टुलावर बसले. टोपी काढली, त्यातलं पत्र काढलं, टोपी पुसायला विसरले. बाहेर कुणीतरी नळ सोडला, बादली भरली, नळ बंद केला.

"उष्णतेनं चरे भरून येतात," ते म्हणाले. "जखम भरते तसे. घावानं जी पाटी कोरी केली, तिच्यावर इतकी हजार वर्षं लिहून झालं होतं. चुलीनं परत पुसली असेल. सगळी किंवा अर्धी."

मला वाटलं, मामाचं वाक्य एकदा बोलून बघावं. "सर, त्यांना कळंल का?"

"नाही कळणार. तेच वाईट. ते प्रामाणिकपणे मोजतील. चरे कमी भरतील. ते लिहितील, खड्डा अलीकडचा आहे. मग कुणीतरी ते पुस्तकात घालेल, आणि तुझ्यासारखं एखादं पोरगं ते पाठ करेल." त्यांनी पत्राची घडी केली. "दगडाला स्वतःहून खोटं बोलता येत नाही रे. आपण बोलायला लावलं तरच."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी रागावलेल्या माणसाचा आवाज लगेच उचलतो. हा असला आवाज मला आजबी काढता येत न्हाई.

मग सर एकदम ताठ बसले. "कोणता दगड कुठे होता? आगीकडे कोणती बाजू? कोळसा किती वेळ फुललेला होता?"

"माहीत न्हाई."

"तू कुठे होतास?"

"स्टेजवर."

"हं… तर, ज्यांनी चूल लावली त्यांना विचारायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही परत दौंडला. ह्या वेळी पोतं सरांच्या मांडीवर. मामाकडनं मामीला तवर कळलेलं काय झालं ते, तर तिनं दार उघडलं तेच पदर डोक्यावर ओढून, रडवेली. "सर, माजी चूक झाली. मला काय ठावं, दगडात बी काय आसतंय."

"चूक तुमची नाही," सर म्हणाले, आन् माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई, त्याचं मला जास्त लागलं. "ताई, मला तुमची मदत हवी आहे. ही चूल परत लावून दाखवाल का? अगदी त्या दिवशी होती तशी. आग नको."

कॉलेजातला सर अंगणात उकिडवा बसून मामीला ताई म्हणून विचारतोय, हे बघायला शेजारपाजारच्या बाया कुंपणाला आल्या. मामीनं डोळे पुसले. तिन्ही दगड एकेक करून हातात घेतले, वजन करून बघितल्यासारखे, फिरवले. मला ते तिन्ही सारखे दिसत होते. तिला न्हाई.

"ह्यो माज्या उजव्या अंगाचा. त्योच जरा डुलायचा, म्हणून मी हिकडनं चिप लावलेली. ह्यो समोरचा, ह्याच्यावरनं भात उतू गेला. आन् ह्यो थोरला डावीकडचा." तिनं मांडले. "वारं तिकडनं व्हतं, म्हणून जाळ सगळा उजवीकडं जायचा. उजवा लई तापला. मी तिकडं फिरकतच नव्हते."

"आणि डावा?"

"डावा काय, आतनं तापला. भाईरनं न्हाई."

"बाहेरून किती तापला? आठवतं?"

कुंपणापलीकडून एक बाई हसली. "अवो सर, तिच्या कंबरंत चमक हाय. बसलं की तिला उठाया येत न्हाई. टेकू लागतोय."

मामी लाजली. मग पुढं सरकून चुलीपाशी बसली, जशी त्या दिवशी बसली असंल तशी, आन् उठताना डावा हात पसरून थोरल्या दगडाच्या बाहेरच्या अंगावर टेकला. सगळा भार त्यावर टाकला आन् उठली. "अशी. दिसभर अशीच उठत-बसत व्हते. भात, भाजी, लापशी, समदं हुईस्तवर. कोमट व्हता. दह्याला दूध लावताना आसतंय तेवढा."

"हात तसाच ठेवा," सर म्हणाले. "हलवू नका."

त्यांनी खिशातून खडू काढला आन् मामीच्या पंजाभोवतीनं, बोटांच्या मधून मधून, दगडावर रेघ ओढली. मामीनं हात उचलला. काळ्या दगडावर पांढरा पंजा उमटलेला. सर त्याच्याकडं बघत म्हणाले, "हात टेकवता येतो एवढी ऊब चऱ्यांना काही करत नाही. उन्हातला दगड याहून तापतो."

मग आठवडाभर आम्ही दगड कापत बसलो. करवतीला पाणी घालत, सरांनी पंजाच्या खालची दोन बोटं जाडीची फाक वेगळी काढली. तीत काचेचे ओघळ होते. ती पाठवायची. उरलेल्यातून एक पातळ चकती सरांनी मला घासायला दिली, आगीच्या बाजूची. काचेच्या पाटीवर कार्बोरंडमची पूड, पाणी, आन् गोल गोल घासायचं, दगडातून आरपार उजेड दिसंपर्यंत. दगडातून उजेड! मला आधी वाटलं, सर माझी फिरकी घेतायत. तीन दिवस घासलं. बोटांची कातडी गेली. आन् मग खरंच, काळा दगड काचपट्टीवर पिवळसर, पारदर्शक झाला.

सूक्ष्मदर्शकात पहिल्यांदा सरांनी घोडनदीच्या दगडाची पट्टी लावली. वर-खाली दोन खास भिंगं असतात, त्यातून गाळलेला उजेड येतो. पट्टी फिरवली की लांबट स्फटिक उजळायचे, विझायचे, परत उजळायचे, पट्ट्यापट्ट्यांनी. जत्रेतला पाळणा फिरावा तसं. मग लोणारची पट्टी लावली. तेच लांबट आकार, त्याच कडा, तीच टोकं. मी फिरवली. काळं. अजून फिरवली. काळंच. पूर्ण गोल फिरवली, तरी त्या चौकटीच्या आत उजेडाचा एक ठिपका आला न्हाई. घर जसंच्या तसं उभं, आन् आत कुणी न्हाई.

"ही आगीकडची बाजू," सर माझ्या खांद्यावरून म्हणाले. "रेल्वेच्या कोळशानं दिवसभर भाजली. चरे पुसले असतील, पण मोडलेली रांग परत लागली नाही. त्याला याहून कितीतरी जास्त धग लागते. आणि ती मोडली होती पापणी लवायच्या आत."

मी डोळा काढला न्हाई. शेडमधल्या इंजिनाच्या भट्टीचा आवाज मला येतो, कोळसा ओढतानाचा, वाफेचा, सगळा. पण ह्या एवढ्याशा काळ्या चौकटीत जे झालं, त्याला आवाज असंल तर तो कुठल्या तोंडात मावंल? मला एकदम बारीक झाल्यासारखं वाटलं, आन् गंमत म्हंजी बरं वाटलं.

सरांनी फाकेबरोबर पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. चूल, कोळसा, वाऱ्याची दिशा. 'स्वयंपाक करणाऱ्या बाई दिवसभर या पृष्ठभागावर तळहात टेकून उठत होत्या,' हेबी लिहिलं, आन् पंजाचं चित्र जोडलं. मी म्हणलो, "सर, हसतील ते." सर म्हणाले, "हसू देत. मोजल्यावर हसू देत."

उत्तर यायला दिवाळी उलटली. सरांनी पाकीट माझ्यासमोर फोडलं. पहिला कागद नुसता आकड्यांचा. ते बोट फिरवत खाली गेले आन् थांबले. काचेतले चरे शाबूत होते. मोजले गेले होते. वय हजारांत होतं, थोडं इकडं थोडं तिकडं धरून, आन् खाली एक ओळ, की नमुन्यासोबत उष्णतेची इतकी नीट माहिती आम्हाला सहसा मिळत नाही. सरांनी ती ओळ दोनदा वाचली. मग टोपी घातली आन् म्हणाले, "चल, दौंडला."

मामी अंगणात शेंगा फोडत होती. सरांनी तिला आकडा सांगितला. तिला हजार म्हंजी किती ते कळावं म्हणून मी म्हणलो, तुझ्या पणजीच्या पणजीच्या पणजीच्या… आन् दम लागेपर्यंत म्हणत राहिलो, तरी सर म्हणाले, अजून पोचला नाहीस.

मामीनं शेंगा खाली ठेवल्या. "मग तवा हितं माणसं व्हती का?"

"होती," सर म्हणाले. "भीमेच्या काठाला, घोडनदीच्या काठाला त्यांची दगडाची हत्यारं सापडतात. आणि लोणारला तो घाव बसला, त्याचा गडगडाट इथे पोचला असेल तर पाव तासाच्या आत पोचला असेल. आभाळ मोकळं, आणि एकदम जमीन हलल्यासारखा आवाज. कुणीतरी बाई तेव्हा आगीपाशी बसलेली असेल."

शेडमधे एक इंजिन वाफ सोडत होतं. मामी ईशान्येकडं बघत होती, क्वार्टरांच्या पत्र्यावरनं, लांब.

"तिनं आधी पोर उचललं असंल," ती म्हणाली. "मग भांडं उतरवलं असंल."

"मामी, तवा भांडी नव्हती," मी म्हणलो.

"मग जे असंल ते उतरवलं असंल," मामी म्हणाली. "जळू देती व्हय बाई?"